मॅकडेव्हिड मिळाला असता तर?

बफेलो सेबर्स या आइस हॉकी संघाच्या दुर्दशेचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते: योजना बरोबर होती, नशीब आडवे आले. 2014-15 च्या हंगामात सेबर्सनी तळ गाठला तो कॉनर मॅकडेव्हिड या एका मुलासाठी. सोडतीत नाव निघाले एडमंटन ऑयलर्सचे, मुलगा तिकडे गेला आणि बफेलोच्या वाट्याला वनवास आला. तेव्हाचे जनरल मॅनेजर टिम मरे यांचा दोष एवढाच, की त्यांचा आकडा लागला नाही. हे मत दहा वर्षांत इतके मुरले आहे की मरे यांचे टीकाकारही ते गृहीत धरूनच पुढे बोलतात. वाद होतो तो त्यांच्या नंतरच्या अदलाबदलींवर, मूळ योजनेवर नाही.

माझा आक्षेप मूळ योजनेवरच आहे. मॅकडेव्हिड हुकला म्हणून सेबर्स बुडाले हे मला मान्य नाही. त्याला मिळवण्यासाठी त्यांनी संघाचे जे करून घेतले त्याने ते बुडाले, आणि तो मिळाला असता तरी बुडालेच असते. हे शेवटचे विधान धाडसाचे वाटेल, कारण 'असते-नसते'ची विधाने सहसा पडताळून पाहता येत नाहीत. या प्रकरणात ती पडताळता येतात.

आपल्याकडे हॉकी म्हटले की हिरवे मैदान आणि ध्यानचंद डोळ्यांसमोर येतात, म्हणून आधी थोडी ओळख. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही अमेरिका आणि कॅनडातल्या संघांची बर्फावरची स्पर्धा; आज तिच्यात 32 संघ आहेत आणि विजेत्याला स्टॅन्ले कप मिळतो. बफेलो हे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाचे, नायगाऱ्याच्या शेजारचे शहर. धबधबा पाहायला गेलेल्या आपल्या कित्येकांनी तिथल्या विमानतळावर पाय ठेवलेला असतो. कोणता खेळाडू ठेवायचा, कोणाला द्यायचे, कोणाशी किती वर्षांचा करार करायचा, हे जनरल मॅनेजर ठरवतो. प्रशिक्षकाला मिळालेल्या माणसांतून सामना उभा करावा लागतो. 2005 पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आहे, त्यामुळे नुसता पैसा ओतून तारे जमवता येत नाहीत. नवे रक्त येते ते दरवर्षीच्या ड्राफ्टमधून. अठरा वर्षांच्या आसपासची मुले निवडायची असतात आणि निवडीत दुबळ्या संघांना अग्रक्रम असतो. आयपीएलच्या लिलावात तळाच्या संघाला अशी सवलत नसते, म्हणून तिथे हरून कोणाचे भले होत नाही. एनएचएलमध्ये होऊ शकते, आणि मोह तिथून सुरू होतो.

मोह जुना आहे. 1983-84 मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्सनी मारिओ लेम्यूवर डोळा ठेवून हंगामाच्या उत्तरार्धात चांगल्या गोलरक्षकाला खालच्या संघात धाडले, अनुभवी बचावपटू विकला, आणि 38 गुणांवर तळ गाठला; त्यांच्या लगेच वरच्या न्यू जर्सीचे 41 गुण झाले. 1993 मध्ये ऑटावा सेनेटर्सवर असाच संशय आला, चौकशी झाली आणि लीगने एक लाख डॉलर दंड केला. त्यानंतर, 1995 पासून, सोडत आली. तळाच्या संघाला पहिल्या निवडीची खात्री राहिली नाही, फक्त इतरांपेक्षा जास्त शक्यता उरली. 2015 साली ती शक्यता 20 टक्के होती. मरे यांनी ज्या डावावर संघ लावला तो पाचात चार वेळा हुकणारा होता, आणि हे नियमात आधीच लिहिलेले होते. ऐंशी टक्के शक्यता असलेली गोष्ट घडली तर तिला नशिबाचा दगा म्हणता येत नाही.

मरे यांचे समर्थक इथे म्हणतील की तळाला राहिले की किमान दुसरी निवड पक्की होती, आणि त्या वर्षीचा दुसरा मुलगा जॅक आयकल हाही असामान्यच होता. अगदी खरे. पण मग नशिबाची तक्रार आणखीच लंगडी पडते. ज्याला वाईटात वाईट निकालातही आयकल मिळणार होता आणि मिळाला, त्याची योजना सोडतीने मोडली असे कसे म्हणायचे?

पूर्वपक्ष मात्र त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, नाहीतर खंडनाला अर्थ नाही. तो पक्ष म्हणतो, पगारमर्यादा आल्यानंतरचे विजेते पाहा. 2009 च्या पिट्सबर्गकडे सिडनी क्रॉस्बी होता, ड्राफ्टमधली पहिली निवड, आणि येवगेनी माल्किन, दुसरी निवड. 2010, 2013 आणि 2015 च्या शिकागोत पॅट्रिक केन पहिला, जोनाथन टेव्ह्ज तिसरा. लॉस एंजेलिसचा ड्रू डाउटी दुसरा, वॉशिंग्टनचा ओव्हेचकिन पहिला. टॅम्पाचे स्टॅमकोस आणि हेडमन, कोलोरॅडोचा मॅकिनन, फ्लोरिडाचे बार्कोव्ह आणि एकब्लॅड, सगळे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचे. अशी माणसे तळाशी गेल्याखेरीज मिळत नाहीत, आणि मधल्या पायरीवर रेंगाळणारा संघ जन्मभर रेंगाळतो. म्हणून जनरल मॅनेजर धीट असेल तर तो संघ मोडतो, दोन-तीन वर्षे मार खातो आणि मग वर येतो.

यादी खरी आहे. निष्कर्ष तिच्यातून निघत नाही. आपल्या नैयायिकांनी कार्यकारण ठरवायला अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही मागितले: कारण आहे तिथे कार्य दिसले पाहिजे, कारण नाही तिथे ते दिसता कामा नये. पूर्वपक्ष जिंकलेल्यांची नावे वाचतो. तेच कारण हाताशी असून जे जिंकले नाहीत त्यांची वाचत नाही. ती यादी एडमंटनपासून सुरू होते, आणि एडमंटन हाच तो संघ ज्याच्याकडे मॅकडेव्हिड गेला. बफेलोच्या 'असते-नसते'ची परीक्षा दुसऱ्या शहरात प्रत्यक्ष घेतली गेली, असेच म्हणा ना.

ऑयलर्स 2006 मध्ये अंतिम फेरीत सातवा सामना हरले. त्यानंतर सलग दहा हंगाम त्यांना प्लेऑफ दिसली नाही. या काळात त्यांना 2010 मध्ये पहिली निवड मिळाली, टेलर हॉल. 2011 मध्ये पुन्हा पहिली, रायन न्यूजंट-हॉपकिन्स. 2012 मध्ये तिसऱ्यांदा पहिली, नाईल याकुपोव्ह. तळ गाठण्याचा सिद्धांत खरा असता तर 2015 पर्यंत या संघाने कप उंचावायला हवा होता. 2014-15 चा हंगाम त्यांनी 62 गुणांवर, खालून तिसऱ्या जागी संपवला आणि 11.5 टक्के शक्यतेवर मॅकडेव्हिड जिंकला. सहा ड्राफ्टमध्ये चार पहिल्या निवडी! शिवाय 2014 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर लिऑन ड्रायसाइटल मिळालेला होता. कागदावर याहून मोठे घबाड कोणत्याही जनरल मॅनेजरला मागता आले नसते.

पुढे काय झाले? मॅकडेव्हिडच्या पहिल्या चार हंगामांपैकी तीन हंगामांत ऑयलर्स प्लेऑफच्या बाहेर राहिले. 2017-18 मध्ये त्याने गोल आणि पास मिळून 108 गुण केले, पुढच्या वर्षी 116, आणि दोन्ही वेळा प्लेऑफ सुरू होताना तो घरी होता. त्याच्याभोवतीचा संघ जनरल मॅनेजर पीटर शियारेली यांनी हातांनी पातळ करत नेला होता. जून 2016 मध्ये टेलर हॉलला न्यू जर्सीकडे देऊन एकास एक बचावपटू अ‍ॅडम लार्सन घेतला; दोन वर्षांनी हॉल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2015 च्या ड्राफ्टमधल्या 16 व्या आणि 33 व्या निवडी देऊन ग्रिफिन राइनहार्ट आणला, तो ऑयलर्सकडून 29 सामने खेळला; न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्या 16 व्या जागेवर मॅथ्यू बार्झाल उचलला. जॉर्डन एबर्ली देऊन रायन स्ट्रोम घेतला, स्ट्रोम देऊन रायन स्पूनर. मिलान लुचिचला सात वर्षांचा चार कोटी वीस लाख डॉलरचा करार दिला. प्रत्येक व्यवहारात एक पायरी खाली. सार्वकालिक श्रेष्ठांत ज्याची गणना होते असा खेळाडू मधोमध उभा असताना हे सगळे घडले. दुबळे व्यवस्थापन अधिक मॅकडेव्हिड याची बेरीज किती होते ते एडमंटनने करून दाखवले आहे. जवळपास त्याच वर्षांत बफेलोतही असेच व्यवहार होत होते. तिथे वेगळी बेरीज झाली असती असे मानायला मला आधार सापडत नाही.

नशिबाचा हिशेब आणखी एका बाजूने पाहावा. सेबर्स 2014 मध्ये तळाला होते, दुसरी निवड मिळाली, सॅम राइनहार्ट, वर उल्लेखलेल्या ग्रिफिनचा धाकटा भाऊ. 2015 मध्ये दुसरी निवड, आयकल. 2018 मध्ये पुन्हा तळ, आणि या वेळी सोडत त्यांनीच जिंकली: रॅस्मस डालिन. 2021 मध्ये परत तळ, परत सोडत त्यांचीच: ओवेन पॉवर. आठ ड्राफ्टमध्ये दोन पहिल्या आणि दोन दुसऱ्या निवडी. याला दुर्दैव म्हणणाऱ्यांनी सुदैवाची व्याख्या सांगावी.

आता मुख्य पुरावा. 2023 च्या प्लेऑफमध्ये दुसऱ्या फेरीत एडमंटनला व्हेगास गोल्डन नाइट्सनी सहा सामन्यांत हरवले आणि पुढे कप जिंकला. त्या प्लेऑफमध्ये सगळ्यांत जास्त, 22 सामन्यांत 26 गुण कोणी केले? आयकलने. 2024 मध्ये एडमंटन अंतिम फेरीत पोहोचले आणि फ्लोरिडा पँथर्सकडून सातव्या सामन्यात 2-1 असे हरले. निर्णायक गोल सॅम राइनहार्टचा. 2025 मध्ये अंतिम फेरीत पुन्हा तेच दोन संघ, आणि ज्या सहाव्या सामन्यात फ्लोरिडाने कप राखला त्यात राइनहार्टचे चार गोल. बफेलोने तळ गाठून दुसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या दोन मुलांनी सलग तीन वर्षे मॅकडेव्हिडलाच कपाच्या वाटेवरून परत पाठवले. दोघांनाही बफेलोने 2021 मध्ये सोडून दिले होते.

या यादीत आणखी नावे आहेत. बचावपटू ब्रँडन मॉन्टूर 2021 मध्ये तिसऱ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात फ्लोरिडाला गेला. गोलरक्षक लायनस उलमार्क त्याच उन्हाळ्यात करार संपताच बॉस्टनला गेला. रायन ओ'रायली 2018 मध्ये सेंट लुइसला गेला आणि वर्षभरात कप जिंकला. इतकी माणसे एका संघातून बाहेर पडून दुसरीकडे फुलतात तेव्हा गुणवत्ता कमी होती हा बचाव संपतो. गुणवत्ता होती, टिकवणारी जागा नव्हती. जागा कशी नासली ते पाहायचे तर 2015 च्या हिवाळ्यात जावे लागते.

त्या हिवाळ्यात सेबर्सची पंचाईत अशी झाली की गोलरक्षक बरे खेळू लागले. योनास एनरॉथ आणि मिखाल नॉयव्हर्ट, दोघेही. फेब्रुवारीत मरे यांनी एनरॉथला डॅलसला दिले; मार्चच्या सुरुवातीला नॉयव्हर्टला आयलंडर्सकडे. त्याआधीच्या वर्षी रायन मिलर, ज्याने दहा वर्षे या शहराचा गोल राखला, तो सेंट लुइसला गेला होता. आइस हॉकीत गोलरक्षक हा संघाचा कणा असतो. साठ मिनिटांत त्याच्यावर तीसेक फटके येतात. तो डगमगला की पुढचे पाच जण भीत भीत खेळतात, चकती पुढे न्यायच्या ऐवजी कशीतरी बाहेर भिरकावतात, आणि विशी न गाठलेला बचावपटू या वयात ज्या सवयी लावून घेतो त्या पुढे दहा वर्षे सुटत नाहीत. कण्यावर घाव घालण्याचा हा निर्णय गुणतक्त्याकडे बघून घेतलेला होता. त्याची किंमत तक्त्यात दिसत नाही.

मग 26 मार्चचा सामना आला. बफेलोच्या घरच्या बर्फावर ॲरिझोना कायोटीज, म्हणजे शेवटून पहिला विरुद्ध शेवटून दुसरा. 3-3 अशी बरोबरी, जादा वेळ. ॲरिझोनाच्या सॅम गान्येने गोल केला आणि घरचे प्रेक्षक उठून जल्लोष करू लागले, कारण हरण्याने तळाची जागा पक्की होत होती. सेबर्सचे खेळाडू बर्फावरून उतरत होते आणि त्यांच्याच शहरातली माणसे त्यांच्या पराभवाला टाळ्या वाजवत होती. सामन्यानंतर काही खेळाडू त्याबद्दल दुखावल्या सुरात बोलले. प्रेक्षकांना मी दोष देत नाही. त्यांना दोन वर्षे वरून हेच शिकवले गेले होते की हरणे हा गुंतवणुकीचा हप्ता आहे. पण घाम गाळून खेळणाऱ्या माणसाला आपले जिंकणे कोणालाच नको आहे हे कळते, तेव्हा त्या संघाच्या खोलीत जे मरते ते ड्राफ्टमधून परत मिळत नाही.

हे भावनेचे बोलणे नाही. संघातल्याच माणसाने त्याची साक्ष दिली आहे. मरे यांनी जून 2015 मध्ये कोलोरॅडोकडून ओ'रायलीला आणले, मोठा करार दिला. त्या उन्हाळ्यापर्यंत त्यांनी आणखी बरेच काही खर्चून टाकले होते: इव्हँडर केनसाठी टायलर मायर्स, ड्रू स्टॅफर्ड, दोन होतकरू मुले आणि पहिल्या फेरीची निवड, गोलरक्षक रॉबिन लेनरसाठी पहिल्या फेरीची आणखी एक निवड. ज्या संयमाचे नाव घेऊन दोन वर्षे हरले तो संयम आयकल हातात येताच संपला. एका टोकाची घाई दुसऱ्या टोकाला गेली. तीन हंगाम हेच चालले, आणि एप्रिल 2018 मध्ये, 62 गुणांवर पुन्हा तळाला पोहोचल्यावर, ओ'रायलीने जाहीरपणे सांगितले की संघात हरणे चालवून घेण्याची वृत्ती शिरली आहे आणि आपलेही खेळावरचे प्रेम अनेकदा आटून गेले.

डॉक्टरला रुग्णाने लक्षण सांगावे तसे हे होते. नवे जनरल मॅनेजर जेसन बॉटरिल यांनी 1 जुलै 2018 रोजी लक्षण सांगणाऱ्यालाच सेंट लुइसला पाठवले. बदल्यात पॅट्रिक बर्ग्लुंड, व्लादिमीर सोबोत्का, तरुण टेज थॉम्पसन आणि दोन निवडी. बर्ग्लुंडचा करार डिसेंबरातच संपुष्टात आला. थॉम्पसन पुढे खरोखर मोठा झाला, 2022-23 मध्ये त्याने 47 गोल केले, आणि या व्यवहाराची बाजू घेणारे त्याच्याकडे बोट दाखवतात. दाखवू द्या. पण तो फुलला तोवर चार हंगाम गेले होते आणि ज्यांच्यासोबत तो फुलायला हवा होता ते आयकल आणि राइनहार्ट निघून गेले होते.

या दोन संघांचा 2018-19 चा हंगाम शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबरमध्ये सेबर्सनी सलग दहा सामने जिंकले आणि काही काळ सबंध लीगमध्ये अव्वल राहिले. जानेवारीच्या सुरुवातीला सेंट लुइस सबंध लीगमध्ये शेवटचे होते. हंगाम संपला तेव्हा बफेलो 76 गुणांवर बाहेर, आणि जूनमध्ये सेंट लुइसच्या इतिहासातला पहिला कप. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ओ'रायली. वाईट काळ दोन्ही संघांवर आला. सेंट लुइसमध्ये अलेक्स पिएत्रँजेलो, डेव्हिड पेरॉन, ओ'रायली असे मुरलेले लोक होते आणि घसरण कशी थांबवायची ते त्यांना ठाऊक होते. बफेलोत कर्णधार आयकल बाविशीत होता, डालिन अठराचा. तालमीतून वस्ताद आणि जुने पैलवान काढून टाकले आणि नुसती ताकदीची पोरे ठेवली, तर ती पोरे कोणाशी झुंजून तयार होणार?

कोणी विचारेल, पिट्सबर्ग-कोलोरॅडोचे काय, तेही तळाला होतेच. होते, आणि त्यांची उदाहरणे माझ्याच बाजूने साक्ष देतात. क्रॉस्बीची 2005 ची सोडत टाळेबंदीमुळे तीसही संघांत झाली होती. पिट्सबर्गच्या नावाचे 48 पैकी तीन चेंडू होते, आणि तितकेच तीन बफेलोच्याही नावाचे होते. म्हणजे ती निवड त्या वर्षी मुद्दाम हरून मिळालेली नव्हती. पहिल्या हंगामात क्रॉस्बीने 102 गुण केले तरी संघ 58 वर अडकला. पण अठरा वर्षांचा तो मुलगा मारिओ लेम्यूच्या घरी, त्याच्या कुटुंबात राहत होता. बचावात सर्गेई गोंचारसारखा माणूस होता, आणि 2007 मध्ये जनरल मॅनेजर रे शिरो यांनी चाळिशीचा गॅरी रॉबर्ट्स आणला. चाळिशीच्या खेळाडूवर संघबांधणीच्या काळात कोण खर्च करतो? ज्याला मुले घडवायची आहेत तो करतो.

कोलोरॅडोची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. 2016-17 मध्ये प्रशिक्षक पॅट्रिक रॉय हंगामाच्या तोंडावर सोडून गेले, घडी विस्कटली, आणि संघ 48 गुणांवर तळाला गेला, सेबर्सच्या 2015 च्या 54 गुणांहूनही खाली. सोडतीत तेही हरले. बफेलो एकच पायरी घसरले होते, कोलोरॅडो चौथ्या जागेपर्यंत घसरले. त्या चौथ्या जागेवर जनरल मॅनेजर जो सॅकिक यांनी केल मकार घेतला. जाण्याची इच्छा असलेल्या मॅट डुशेनला विकण्यासाठी सगळे त्यांच्यामागे लागले होते. ते महिनोन् महिने टीका सोसत थांबले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये त्याच्या बदल्यात बचावपटू सॅम्युअल जिरार्ड, पहिल्या फेरीची निवड आणि बरेच काही मिळवले. मॅकिनन, लँडेस्कॉग, रँटानेन यांना त्यांनी हात लावला नाही. पुढच्याच हंगामात 95 गुण आणि प्लेऑफ, 2022 मध्ये कप, आणि मकार प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू. सोडत हरणे हेच जर अधोगतीचे कारण असेल, तर ते कोलोरॅडोला का भोवले नाही?

आणि टॅम्पा. पूर्वपक्षाच्या यादीत स्टॅमकोसचे नाव आहे, पण 2020 चा कप जिंकताना दुखापतीमुळे तो संपूर्ण प्लेऑफमध्ये तीन मिनिटांहून कमी खेळला. कप आणला तो हेडमनबरोबर निकिता कुचेरोव्हने, जो 58 व्या क्रमांकाची निवड होता, ब्रेडन पॉइंटने, जो 79 व्या, आणि ओंद्रेय पालातने, जो 208 व्या क्रमांकावर मिळाला. स्टीव्ह आयझरमन जनरल मॅनेजर असताना ही मुले आली. त्यांतला पालात नॉरफोकच्या दुय्यम संघात घडला, ज्या संघाने 2011-12 मध्ये प्रशिक्षक जॉन कूपर यांच्या हाताखाली सलग 28 सामने जिंकले आणि आपल्या लीगचा कप घेतला. कूपर पुढच्या वर्षी टॅम्पाचे प्रशिक्षक झाले. वरचा संघ धडपडत असताना खालच्या संघात मुले जिंकायला शिकत होती. मला अभिप्रेत असलेली संघबांधणी ही अशी: तारा मिळाला तर उत्तम, पण त्याच्या आजूबाजूची वीस माणसे दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या फेरीतून शोधायची, खालच्या संघात त्यांना जिंकण्याची चटक लावायची, वर भरवशाचा गोलरक्षक आणि दोन-तीन जाणती माणसे कायम ठेवायची. याला डोळे आणि माणसे लागतात. बफेलोने जून 2020 मध्ये बॉटरिल यांच्याबरोबर वीसहून अधिक कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कमी केले. त्यांत खेळाडू हेरणारे होते आणि रॉचेस्टरच्या दुय्यम संघाचे प्रशिक्षकही. ज्या विभागावर पुनर्बांधणी उभी राहायची तोच मोडला, आणि हा निर्णय मालक टेरी पेगुला यांच्या संमतीशिवाय झालेला नाही.

अलीकडे जुन्या मताला नवी पुस्ती जोडली जाते. बॉटरिल यांच्यानंतर आलेले जनरल मॅनेजर केव्हिन ॲडम्स डिसेंबर 2024 मध्ये म्हणाले की बफेलोत ताडाची झाडे नाहीत आणि कर जास्त आहेत, त्यामुळे खेळाडूंना तिकडे ओढणे कठीण जाते. फ्लोरिडा, टॅम्पा, व्हेगास यांचे यश पाहून हे पटणारे वाटते. पण 2024-25 च्या साखळीत सर्वाधिक गुण मिळवले विनिपेगने, जे बफेलोहून कितीतरी अधिक गोठणारे शहर आहे. त्यांचा गोलरक्षक कॉनर हेलेबक 2012 च्या पाचव्या फेरीत, 130 व्या क्रमांकावर मिळाला. 2023 मध्ये त्याने तिथेच राहण्यासाठी सात वर्षांचा करार केला. आणि बफेलोचे म्हणाल, तर आयकलने 2017 मध्ये आठ वर्षांचा करार त्याच हवामानात आणि त्याच करांत केला होता. पुढे मानेच्या दुखापतीवर कोणती शस्त्रक्रिया करायची यावरून संघाशी त्याचे बिनसले. व्हेगासने त्याला हवी ती शस्त्रक्रिया करू दिली. त्यात ताडाच्या झाडांचा काही संबंध नव्हता.

2022-23 हा हंगाम या सगळ्या चर्चेत नेहमी 'थोडक्यात हुकला' एवढ्यावर सोडून दिला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. थॉम्पसन, डालिन, ॲलेक्स टक सगळे भरात. गोल धो धो होत होते. गोलरक्षक मात्र 41 वर्षांचा क्रेग अँडरसन, न मुरलेला उको-पेक्का लुकोनेन आणि एरिक कॉम्री. 3 मार्च 2023 ला अदलाबदलीची मुदत संपली. ॲडम्स यांनी जॉर्डन ग्रीनवे आणि रायली स्टिलमन घेतले, गोलरक्षक घेतला नाही. सगळीकडे त्यांच्या संयमाचे कौतुक झाले: मुलांना वाढू द्या, भविष्य विकू नका. मार्चअखेर विद्यापीठातून आलेल्या डेव्हन लेव्हीला उभे केले, त्याने सातपैकी पाच सामने जिंकून दिले, पण उशीर झाला होता. बफेलो 91 गुण, फ्लोरिडा 92. एका गुणाने आत गेलेल्या फ्लोरिडाने पहिल्याच फेरीत विक्रमी 135 गुणांच्या बॉस्टनला हरवले, आणि त्या मालिकेच्या सातव्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला तो मॉन्टूरने. फ्लोरिडा अंतिम फेरीपर्यंत गेले. त्या हंगामाचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला बॉस्टनचा उलमार्क. बफेलोचा प्लेऑफविना काळ 2025 च्या वसंतापर्यंत सलग 14 हंगामांवर पोहोचला, एनएचएलच्या इतिहासातला सर्वांत लांब. त्या मार्चमध्ये एक बरा गोलरक्षक आणला असता तर तो बाराव्या वर्षी मोडण्याची पुरेपूर शक्यता होती, आणि 2015 ची सोडत कोणी जिंकली याचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.